अंगणात थेंब नाही

इंजिन उघडावं लागणार, असं मिस्त्री म्हणाला तेव्हा सरस्वतीबाईला वाईट वाटायला हवं होतं. तिला राग आला, आणि रागाच्या बुडाशी थोडं बरंही वाटलं. दोन वर्षं ती जे ऐकायची वाट बघत होती ते आज उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातल्या गॅरेजात, ग्रीसने काळ्या पडलेल्या फळीवर बसून, परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं. मिस्त्रीचं नाव महेंद्र. तो म्हणाला, "हेड गॅस्केट जातंय. गाडी तापवलीय कुणीतरी."

कुणीतरी म्हणजे कोण, हे फळीवरच्या चौघांनाही कळलं. गाडी चालवायची ती एकटी सोनिया, सरस्वतीबाईची सून. ती बॉनेटशेजारी ओढणी कमरेला खोचून उभी होती आणि सगळे तिच्या नवऱ्याशी, राजेशशी बोलत होते.

घरची पिकअप. चामटोलीच्या त्यांच्या प्लांटवरून वीस-वीस लिटरचे पाण्याचे जार भरायचे आणि बदलापूरच्या इमारतींत, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या ऑफिसांत पोचवायचे, हा धंदा. राजेशची कंपनीत शिफ्ट, त्यामुळे आधी ड्रायव्हर ठेवला होता. तो स्वतःची रिक्षा घेऊन गेला. त्याच्या जागी दुसरा मिळेना, तेव्हा सोनिया म्हणाली, मी शिकते. शिकली, लायसन काढलं, आणि एका सोमवारी सीट पुढे ओढून बसलीही.

सरस्वतीबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरची सून ड्रायव्हरच्या जागेवर बसून ग्रामपंचायतीसमोर हॉर्न वाजवते म्हणजे काय. पण जार तर पोचायला हवे होते. तेव्हा तिने शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात सांगून टाकलं होतं, चालव, पण गाडीला तुझ्या हातून काही झालं तर चावी माझ्याकडे आणि तू चुलीकडे. सोनिया हो म्हणाली होती. वर हसलीही होती, ते सरस्वतीबाईने लक्षात ठेवलं.

दोन वर्षांत काही म्हणता काही झालं नाही. संध्याकाळी गाडी आली की सासू तिच्याभोवती एक फेरी मारायची. एखादा ओरखडा, एखादा फुटलेला दिवा. काही नाही. उलट ऑफिसवाले फोन करून सांगायचे की जार वेळेवर येतात हो आता. सरस्वतीबाईला ते ऐकून जेवण जायचं नाही.

आणि मग दिवाळीनंतर गाडी पाणी खायला लागली.

बॉनेटखाली एक पांढरी बाटली असते, तिच्यात इंजिन गार ठेवायचं हिरवं पाणी. रोज सकाळी सोनिया झाकण उघडायची आणि पाणी खुणेच्या खाली गेलेलं असायचं, कधी दोन बोटं, कधी चार. ती भरायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. गावात थट्टा झाली की पाण्याची गाडी आणि स्वतःच तहानलेली. सरस्वतीबाई थट्टा करणाऱ्यांवर चिडली आणि मनातून त्यांच्यात सामीलही झाली. सोनिया शपथेवर सांगत होती की तापमानाचा काटा कधी लाल रेघेपर्यंत गेला नाही, अर्ध्यावरच असतो. सासू म्हणाली, काटा काय बोलतो ते आम्हाला थोडंच कळतं, तू सांगशील ते खरं.

म्हणून हा बुधवारचा फेरा. महेंद्र मिस्त्री नावाजलेला, त्याचा शब्द शेवटचा. त्याने काम मन लावून केलं, खोटं कशाला बोला. चामटोलीहून आलेली गरम गाडी, म्हणून अर्धा तास थांबला. मग बाटलीच्या झाकणावर ओलं पोतं टाकून ते हळूच सोडलं. तेल मोजायची सळई काढून पुसून बघितली. तेल भरायच्या झाकणाची आतली बाजू सरस्वतीबाईलाही दाखवली. पाणी तेलात मिसळलं की तिथे सायीसारखं पांढरं धरतं, तसं काही नव्हतं. मागे धूर बघितला, पांढरा नव्हता. मग बाटलीच्या तोंडाला हातपंप लावून हवा भरली. पंपाचा काटा वर चढला आणि तिथेच राहिला. बाहेर गळती असती तर तो उतरला असता; महेंद्रने एक विडी संपवली तरी हलला नाही.

"पाणी जायला तीनच वाटा," तो राजेशला म्हणाला. "बाहेर गळतं, तेलात जातं, नाहीतर इंजिन आतल्या आत पितं. तेलात नाही. सकाळी गाडीखाली ओल असते का?"

राजेशने बायकोकडे बघितलं. सोनियाने तोंड उघडलं, "मी साडेसहाला बाहेर येते तेव्हा अंगण सगळंच..."

"तिला काय विचारता," सरस्वतीबाई म्हणाली. "अंगण माझं आहे. पहाटे पाचपासून मी तिथे असते. माझ्या अंगणात थेंब नाही."

तिच्या अंगणाबद्दल कुणी शंका घेतलेली तिला खपायची नाही. चाळीस वर्षं तिने ते राखलं होतं. झाडलेलं, सारवलेलं, काडी दिसायची नाही.

"मग संपलं," महेंद्र म्हणाला. "इंजिन पितंय."

शेजारचा पार्टवाला शेठ बशीत चहा ओतत होता. त्यानेही मान हलवली आणि सांगितलं, "माई, इंजन पानी पी रहा है. खोलना पडेगा."

सोनिया तरी गप्प बसली नाही. तिने सांगितलं की भरलेली गाडी चढाला लागली की गोडसर वास येतो, उजव्या अंगाने, टर्बोच्या तिकडून. टर्बो म्हणजे इंजिनाला चिकटलेला लोखंडी शंखासारखा भाग. निघणाऱ्या धुराच्या जोरावर तो फिरतो आणि जास्तीची हवा इंजिनात ढकलतो, म्हणून भरली गाडी चढ चढते. तो चुलीसारखा तापतो, आणि या गाडीत त्यालाही पाणी फिरवून गार ठेवतात. महेंद्रने वाकून बॅटरीचा झोत टाकला. टर्बो कोरडा ठणठणीत. तो राजेशला म्हणाला की वहिनींना सेंटची आवड दिसते. फळीवरचे हसले. सरस्वतीबाईही हसली.

मग महेंद्रला वाटलं की म्हातारीला समजावून सांगावं. मावशी, कुकर असतो ना, त्याची रिंग असते, ती गेली की वाफ कुठूनही जाते, तसंच हे गॅस्केट. सरस्वतीबाईने त्याला तिथेच थांबवलं.

"मी पातेल्यात भात शिजवते. कुकर नको शिकवूस मला. किती दिवस लागतील ते बोल."

चार दिवस. सोमवारी आणून टाका, त्याने सांगितलं, तोवर पाणी घालत हळू चालवा.

राजेश निघायला वळला तेव्हा सोनियाने चावी काढली आणि कुणी काही म्हणायच्या आत सासूच्या हातात ठेवली. "घ्या आई. तुमचा शब्द." एवढंच. सरस्वतीबाईला चावी मागून घ्यायची होती, चौघांत, दोन वर्षं मनात जुळवलेल्या शब्दांत. ते शब्द तोंडातच राहिले. घरी येईपर्यंत ती त्यावरच चिडलेली होती.

सोमवारपर्यंत गाडी जनूकडे दिली. जनू म्हणजे दिराचा मुलगा, चाळिशी उलटलेला, हात-पाय धड आणि काम कुठलंच टिकत नाही असा. काकीने बोलावलं म्हणताच आला. गुरुवारी सकाळी त्यालाही बाटलीत पाणी घालावं लागलं. शुक्रवारीही. त्याला कुणी विचारलं नाही की तू काटा बघितलास का. हे सरस्वतीबाईच्या ध्यानात आलं, आणि ध्यानात आलं म्हणून तिने ते झटकून टाकलं.

सोनिया घरी राहिली. रडली नाही, तोंड फुगवलं नाही. ती कामाला लागली. पहिल्या दिवशी मिठाचा डबा चुलीच्या डाव्या बाजूला गेला. तांदळाचं पिंप सरकलं. सरस्वतीबाईच्या औषधाच्या गोळ्या एका बरणीत गेल्या, बरणीवर झाकण घट्ट. दुपारी सासू हाका मारत बसली की माझा अडकित्ता कुठाय गो, तर आतून उत्तर आलं, जागेवर आहे. कुठल्या जागेवर ते काही बाई सांगेना. दुसऱ्या दिवशी डाळीला फोडणी कशाची घालायची हेही सुनेने ठरवून टाकलं. घरात ठेवायचं म्हणालात ना, मग घर माझं, असं तिने तोंडाने म्हटलं नाही, हाताने म्हणत राहिली.

शनिवारी पहाटे तर कहर झाला.

सरस्वतीबाई पाचला उठून शेण आणायची, शेजारी देऊच्या गोठ्यातून, ताजं. बादलीत कालवायचं, तांब्याने आणि हाताने सगळ्या अंगणभर सडा टाकायचा. गाडी उभी असते म्हणून तिच्याखालची जागा सोडायची नाही. वाकायचं, शेवटचे दोन तांबे चाकांच्या मधून आतवर भिरकवायचे, वर झाडूचे दोन हात. गुडघे बोंबलायचे, पण ती जागाही तिने कधी चुकवली नव्हती. पौषातली थंडी, अंधार, दारावरचा एक पिवळा बल्ब. दिवस उजाडायच्या आत अंगण ओलं, हिरवट, एकसारखं. उठून बघणाऱ्याने बघत राहावं.

त्या दिवशी ती शेण घेऊन आली तर सोनिया दारात उभी. केस बांधलेले, पदर खोचलेला. तिने बादलीला हात घातला.

"द्या. सडा सुनेने घालायचा असतो."

"सोड."

"घरी बसवलंत ना मला? मग बसते की. तुम्ही आत जाऊन चहा घ्या."

"सोनिया, माझ्या हातातली बादली सोड."

तिने सोडली नाही. दोन बायका, एक बादली, मधे शेणकाला हिंदकळतोय. सरस्वतीबाईने तिच्या माहेरापासून सुरुवात केली. सोनियाने ऐकून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की आई, तुम्हाला गाडीही तुमची, चूलही तुमची, अंगणही तुमचं. मग मी या घरात कुठे उभी राहू तेवढं दाखवा, तिथे उभी राहते. सरस्वतीबाई आणखी ओरडली. राजेश दुसरी पाळी करून रात्री उशिरा झोपला होता. तो आतून म्हणाला, अगं काय चाललंय. दोघींनीही त्याला एकदमच गप्प केलं.

शेवटी सोनियाने हात काढला आणि आत गेली. सासूनेही बादली खाली आपटली. घालणार नाही म्हणाली आज सडा, राहू दे अंगण भिकाऱ्याच्या ओटीसारखं, बघू दे गावाला कसली सून आणली ती. आणि पायरीवर बसली.

बसली ती बसलीच. अंगाला कुडकुडी भरली तरी उठली नाही. आत भांडी वाजत होती, नेहमीपेक्षा जास्त. चाळीस वर्षांत पहिल्यांदा उजाडताना तिचं अंगण कोरडं होतं. ती त्याच्याकडे बघत होती आणि मनात सुनेला शिव्या घालत होती. कालच्या सड्याचा पापुद्रा वाळून फुटला होता, कुठे कोंबडीने उकरलं होतं, पिंपळाची दोन पानं येऊन पडली होती. झुंजुमुंजू झालं. मग स्वच्छ दिसायला लागलं. आणि गाडीच्या खाली, पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला, तिला ओल दिसली.

तळहाताएवढी. आधी वाटलं मांजराने घाण केली. ती उठून वाकली. ओल कडेने हिरवट होती. ती बघत असतानाच वरून एक थेंब आला आणि त्या ओलीत पडला.

तिने बोट लावलं. बोटांत चिकट. नाकाशी नेलं. गोड वास, उसाच्या रसासारखा नाही, औषधासारखा गोड.

सोनियाचं किंवा इंजिनाचं काही तिच्या डोक्यात आलं नाही. तिने आधी मान वर करून बघितलं की कुणी पाहिलं का. खरं ते हे. देऊच्या घराचं दार बंद होतं. बादली हाताशी होती, अर्धी भरलेली. त्यात तांब्या. दोन महिने रोज पहाटे तिने काय केलं होतं ते तिला एका क्षणात कळलं. रात्रभर थेंब थेंब पडायचं, आणि पाच वाजता ती येऊन त्यावर शेणकाला टाकायची, वर झाडू मारायची, हिरव्यात हिरवं. आणि मग कॅम्पातल्या फळीवर बसून छाती पुढे काढून सांगायची की थेंब नाही.

तिचा हात तांब्याकडे गेला. गेला हे खरं आहे. दोन तांबे, आणि झालं. सोमवारी इंजिन उघडलं असतं, महेंद्रने काहीतरी काढून काहीतरी बसवलं असतं, आणि चावी तिच्या कनवटीला राहिली असती.

तेवढ्यात जनू आला. मफलर गुंडाळलेला, तोंडात तंबाखू. काकी आज सडा नाही का, असं विचारून उत्तराची वाट न बघता गाडीकडे गेला. दार उघडलं, एक पाय वर ठेवला आणि मागे वळून म्हणाला, "सोमवारी इंजिन खोलू दे काकी. वहिनीला समोर बसवून दाखवू, बघ म्हणावं काय करून ठेवलंस. बाईमाणसाच्या हातात गाडी म्हणजे..."

ते बोलणं त्याचं नव्हतं. शब्दान् शब्द तिचाच होता, दोन वर्षांचा, याच अंगणात याच पायरीवर बसून बोललेला. पण जनूच्या तोंडून, तंबाखूच्या वासाबरोबर, ते ऐकताना तिला शिसारी आली. हा, ज्याने तीन दिवसांत एकदा गाडीखाली वाकून बघितलं नाही, हा माझ्या सुनेला समोर बसवणार. राग तर तिच्याकडे भरपूर होता, पहाटेपासून तापलेला. तो सगळा तिकडे वळला.

"उतर खाली," ती म्हणाली.

"काय?"

"उतर म्हणते ना. चावी इकडे दे. गाडीला हात लावायचा नाही. सुरू तर अजिबात करायची नाही. आणि थुंकायचं तर तुझ्या बापाच्या अंगणात जाऊन थुंक."

जनू उतरला. तिने घराकडे तोंड करून हाक मारली, "सोनिया, बाहेर ये. मोबाइलची बॅटरी घेऊन ये."

सोनिया आली ती भांडायच्या तयारीनेच. सासूने बोट दाखवलं. सोनियाने ओल बघितली, मग सासूकडे बघितलं, मग शेणकाल्याच्या बादलीकडे. ती पोतं अंथरून गाडीखाली सरकली. बराच वेळ फक्त तिचे पाय दिसत होते. सरस्वतीबाई उभी राहून त्या पायांकडे बघत होती. टाचा भेगाळलेल्या होत्या.

आतून आवाज आला की मिळालं. टर्बोला पाण्याची बारीक लोखंडी नळी येते, तिच्या सांध्यावर बरणीच्या काठाला मीठ धरतं तसं पांढरट हिरवं धरलंय आणि खाली थेंब लोंबतोय. बाहेर येऊन तिने कपडे झटकत सांगितलं. गाडी गरम असली की लोखंड फुगतं, सांधा आवळला जातो. जे थोडं झिरपतं तेही तापलेल्या टर्बोवर पडून वाफ होऊन जातं, म्हणून चढावर वास. रात्री थंडीने आखडलं की सांधा सुटतो आणि गळतं. महेंद्रने बघितली ती गरम गाडी. त्याला काय दिसणार होतं.

"हे तेव्हा का नाही बोललीस?" सरस्वतीबाईने विचारलं.

"वास येतो म्हटलं तर हसलात. अंगण सगळंच ओलं असतं, मला कळायचं कसं, हेच सांगत होते, तर मला बोलू दिलं नाहीत."

सासूने फोन मागितला आणि महेंद्रला लावायला सांगितला. महेंद्र झोपेतून उठला होता. म्हणाला की मावशी, सोमवारी आणताय ना, तेव्हा बघतो. सरस्वतीबाईने त्याला विचारलं की गाडी तुझ्याकडे येईपर्यंत परत गरम होणार, मग तू परत काय बघणार, तुझी विडी? गार गाडी बघायची असेल तर आत्ता ये. आणि नाही आलास तर सोमवारी मी एकटी येईन आणि तुझ्या फळीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेन की हा मिस्त्री न बघता इंजिनं उघडतो.

नऊला तो आला, स्कूटरवरून, पिशवीत पंप. चेहरा आंबट. जनू गेला नव्हता, कडेला उभा होता. राजेश लुंगीवर बाहेर आला. महेंद्रने गार इंजिनावर पंप लावला, हवा भरली. काटा वर गेला. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हळूहळू खाली यायला लागला. खाली थेंब वेगाने पडू लागले.

त्याने नळीचा बोल्ट सोडला. मधली तांब्याची चपटी चकती चेपून एका बाजूला काळी पडली होती. नवी बसवली, सांधा घासून पुसून आवळला, हिरवं पाणी भरलं, परत पंप. काटा जागेवर. मग गाडी सुरू करून त्याने पिशवीतून एक काचेची नळी काढली, तिच्यात निळं औषध. ती बाटलीच्या तोंडावर धरली. गॅस्केट गेलं असेल तर इंजिनातला धूर पाण्यात येतो आणि हे निळं पिवळं पडतं, तो म्हणाला. निळं ते निळंच राहिलं. गॅस्केट धड होतं. गाडी कधी तापलीच नव्हती.

"हे औषध बुधवारी कुठे होतं?" सरस्वतीबाईने विचारलं.

"संपलं होतं, मावशी."

"मग तोंडही संपायला हवं होतं."

राजेश हसला, महेंद्र नाही. पंप पिशवीत भरता भरता त्याने जरा टोचूनच विचारलं की मावशी, पण अंगणात थेंब नाही असं कोण म्हणालं होतं. जनू पुढे सरकला, त्याला मजा बघायची होती.

"मी म्हणाले," सरस्वतीबाई म्हणाली. "आणि बादली माझीच. रोज पहाटे सडा घालते मी, गाडीखालीसुद्धा. जे पडायचं ते मीच पुसत होते. कळलं? आता जा."

सगळे गेले. राजेश परत झोपायला गेला. सोनिया जार चढवायला लागली, तीन तास उशीर झाला होता. सरस्वतीबाईने कनवटीची चावी काढून तिच्यापुढे धरली. तिला वाटलं, मी एवढं बोलले, आणखी काय हवं.

सोनियाने जार खाली ठेवला. चावी घेतली नाही.

"इथे नको. मला खोटं पाडलंत ते इथे नाही, कॅम्पात, त्या फळीवर. तिथे बोला."

"मी? त्या लोकांपुढे?"

"त्यांच्यापुढेच. तोवर चावी तुमची. तुम्ही ती लावून द्या, मी चालवीन, ड्रायव्हर म्हणून."

सरस्वतीबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. जार मात्र अडवायचे नव्हते, म्हणून रोज शेजारच्या सीटवर बसून फेरीला जायची आणि चावी स्वतः लावायची. भोक सापडायचं नाही, खालीवर चाचपडायची, आणि सोनिया स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायची, मदत करायची नाही. जेवणात मीठ कमी पडलं तरी सासू मागायची नाही. आयुष्यात तिने नवऱ्याची माफी मागितली नव्हती, आणि तो चांगला माणूस होता.

सोमवारी अंबरनाथचे जार उतरवून झाल्यावर ती तोंड न वळवता म्हणाली, "घे कॅम्पात."

गॅरेजसमोर सोनियाने गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं. सरस्वतीबाई मागे तोंड करून, दांडी धरून, एकेक पाय खाली टाकत उतरली. फळीवर तेच बसले होते, पार्टवाला शेठ चहाची बशी घेऊन. त्याने हसून विचारलं, "क्या माई, इंजन खोला?" महेंद्र कुठल्यातरी रिक्षाच्या खाली होता, त्याने डोकं बाहेर काढलं.

"काही खोललं नाही," सरस्वतीबाई म्हणाली. आवाज चढलेलाच होता, तिला दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही. "इंजिन चांगलं आहे. गाडी कधी तापली नाही. माझ्या सुनेने रोज काटा बघितला, वास ओळखला, जागा सांगितली, आणि तुम्ही सगळे दात काढून हसलात. मीही हसले. ती खरं सांगत होती, खोटी पडले मी. आणि हा मिस्त्री दुसरा. झालं. आता कुणी हसणार असेल तर हसून घ्या, मी उभी आहे."

कुणी हसलं नाही. शेठने बशी खाली ठेवली आणि चहा विचारला. नको म्हणाली, बदलापूरचे जार राहिलेत.

ती परत गाडीकडे आली. पायरी उंच होती, गुडघा दुखत होता. सोनियाने हात पुढे केला नाही, तिनेही मागितला नाही. ती चढली, बसली, दार दोनदा आपटलं तेव्हा लागलं.

"झालं बोलून?" सोनियाने विचारलं.

"ऐकलं नाहीस?"

"काच वर होती."

सरस्वतीबाईने बघितलं. काच पूर्ण खाली होती. सोनियाचा कोपर बाहेर होता. चेहऱ्यावर काही नाही, डोळे समोर रस्त्यावर. अस्सं तोंड करून खोटं बोलणारी सरस्वतीबाईने आजवर एकच बाई पाहिली होती, आणि तीही आरशात.

ती तशीच धुमसत बसली. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत होता. फळीवरचे अजून बघत होते.

मग तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळं पहिल्यापासून, आणखी मोठ्याने सांगायला सुरुवात केली.